राजीनाम्याचा कागद तूर्त खणातच राहू द्या

पत्र, थोडक्यात:

मी ४३ वर्षांची. सरकारी बँकेत अधिकारी, स्केल टू. २००८ साली लागले. राहते साताऱ्यात, शाखा एसटीने सव्वा तासावर. आठ जणांची शाखा आता पाच जणांवर चालते. सव्वाआठला घर सोडते, साडेनऊला शाखेत, पावणेसातला निघून आठला घरी. रात्री साडेनऊला रिजनल ऑफिसचा व्हिडिओ कॉल असतो, तो सव्वादहापर्यंत चालतो: विमा किती झाला, खाती किती उघडली, वसुली किती. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात. ते मदत करतात, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या, शुगर आहे, जानेवारीत पहाटे बाथरूममध्ये पडल्या. मुलगी आता दहावीत जाईल. ती परवा म्हणाली, “आई, तुझा फोन वाजला की तुझा चेहरा बदलतो. मला त्या चेहऱ्याशी बोलावंसं वाटत नाही.” मार्चएंडला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर मी सगळ्यांसमोर ओरडले. रविवारी संध्याकाळपासून धडधडायला लागतं. मेडिकलमध्ये बीपी बघितला, १५०/९६ निघाला. मिस्टर म्हणतात, सोड नोकरी. माझी आई म्हणते, वेडी आहेस का. घराचं कर्ज स्टाफ रेटचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजाचं आहे. स्केल थ्रीच्या बढतीचे अर्ज निघालेत. मागच्या वर्षी एका बचत गटाला शेळीपालनासाठी कर्ज दिलं, त्या बायका परवा हप्ता भरायला सगळ्या मिळून आल्या होत्या, तेवढा एक दिवस बरा गेला. राजीनामा लिहून खणात ठेवलाय. मी नेमकी कुठे कमी पडते, ते सांगा.

उत्तर:

आधी बीपीचं बोलू. नोकरी, बढती, सासूबाई, सगळं त्यानंतर.

मेडिकलच्या दुकानात, उभ्या उभ्या, एसटीतून उतरून थेट मोजलेला एक आकडा म्हणजे निदान नव्हे. पण तो सोडून द्यायचा आकडाही नव्हे. पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० च्या वर येत असेल, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाबच म्हणतात. घरी एक यंत्र आणा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर आणि हात टेबलावर टेकवून आठवडाभर मोजा, आकडे लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. धडधडतं म्हणालात, तेव्हा ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी जायच्या आधीचे बदल सुरू झालेले असू शकतात. झोप मोडणं, धडधडणं, विनाकारण चिडचिड हे त्यातूनही होतं. आपल्याकडे बाईच्या छातीत धडधडलं की “टेन्शन घेतेस फार” एवढ्यावर विषय मिटतो. तुम्ही तो मिटू देऊ नका. आणि छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, घाम फुटला, दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, कॉल चालू असला तरी नाही.

आणखी एक विचारते, कारण राजीनामा लिहून ठेवणारी माणसं कधी कधी पत्रात सगळं लिहीत नाहीत. जगणंच नको असं एखाद्या रात्री वाटलं, तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मध्यरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.

आता खणातला कागद.

तुम्ही २००८ ला लागलात, म्हणजे १ एप्रिल २०१० च्या आधी. याचा अर्थ तुम्ही बहुधा बँकांच्या जुन्या, १९९५ च्या पेन्शन नियमांत आहात. त्या नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद धरली जाते. स्वेच्छानिवृत्तीसाठी २० वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि मग पेन्शन मिळते. तुमची २० वर्षं २०२८ मध्ये पूर्ण होतात. एवढी वर्षं काढल्यावर, अगदी उंबऱ्याशी येऊन, मार्चएंडच्या थकव्यात लिहिलेल्या चार ओळींनी जन्मभराची पेन्शन सोडून देणार का? त्यात घराचं कर्ज स्टाफ रेटचं. नोकरी सोडली की ती सवलत जाते, हप्त्याचा हिशेब बदलतो. हे सगळं तुम्ही रोज दुसऱ्यांना समजावून सांगता. स्वतःच्या वेळी मात्र कागद लिहून मोकळ्या झालात. तुमच्या एचआरकडून हे दोन्ही लेखी तपासून घ्या. मेलवर विचारायचं नसेल तर तुमच्या अधिकाऱ्यांच्या असोसिएशनच्या जुन्या पदाधिकाऱ्याला विचारा. त्याला पेन्शनची कलमं तोंडपाठ असतात.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: राजीनामा नाही. निदान २०२८ पर्यंत तरी नाही. २०२८ नंतर सोडावीशी वाटली, तर तो तुमचा अधिकार आहे आणि मी आनंदाने तुमच्या बाजूने लिहीन.

“मी नेमकी कुठे कमी पडते” हा प्रश्न मला खटकला. तुम्ही बँकवाल्या आहात, तर जरा बेरीज करू. साडेनऊ ते पावणेसात म्हणजे सव्वानऊ तास. त्यात रात्रीचा पाऊण तास. झाले दहा. पाच दिवसांचे पन्नास. दुसरा आणि चौथा शनिवार सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा आहे, पण बाकीच्या शनिवारी शाखा असतेच, त्या आठवड्याचे साठ. सरासरी पंचावन्नच्या आसपास. एसटीतले रोजचे अडीच तास यात धरलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून मे २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांची तुलना त्यात आहे. पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त निघाला. तुम्ही बरोबर त्या रेषेवर उभ्या आहात आणि बीपीच्या यंत्राने तेच सांगितलं. यात कमी पडण्याचा प्रश्न येतो कुठे? आठ माणसांचं काम पाच जण करतात, तेव्हा कमी पडली आहेत ती तीन माणसं, आणि ती भरणं तुमच्या हातात नाही.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीची तीन रूपं मांडली होती. आजही या विषयावर लिहिणारे तिथूनच सुरुवात करतात. पहिलं वेळेचं: इथे असलं की तिथे नसतो. दुसरं ताणाचं: शरीर घरी येतं, पण डोकं एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या यादीत राहतं. तिसरं वागण्याचं: एका ठिकाणी उपयोगी पडणारा स्वभाव दुसऱ्या ठिकाणी नडतो. वसुलीच्या फोनवर जो आवाज लावावा लागतो, तोच आवाज “डबा का नाही खाल्लास” ला लागतो. बहुतेक लोक पहिल्या रूपाशीच झगडत बसतात: पहाटे लवकर उठ, भाजी रात्री चिरून ठेव. तुमच्या लेकीने मात्र थेट दुसऱ्या आणि तिसऱ्यावर बोट ठेवलंय. तू घरी नसतेस, अशी तिची तक्रारच नाही. फोन वाजल्यावर तुम्ही जे होता, ते तिला नको आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने हे आईला तोंडावर सांगितलं याचा अर्थ तुमच्या दोघींमधलं अजून बरंच शाबूत आहे. ज्यांचं बिनसलेलं असतं ती मुलं सांगत नाहीत, खोलीचं दार लावून घेतात.

मग रात्रीच्या कॉलचं काय करायचं? “ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क” हे वर्तमानपत्रात वाचायला छान वाटतं. फ्रान्समध्ये त्याबद्दलचा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्याचं खासगी विधेयक मांडलं, पण खासगी विधेयकाचा कायदा होणं आपल्या संसदेत फार दुर्मीळ, त्याच्या भरवशावर बसू नका. पाच दिवसांच्या आठवड्याचंही तसंच: मार्च २०२४ मध्ये बँक संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात ठरलं आणि मग सरकारी मंजुरीसाठी रखडत राहिलं. अधिकाऱ्याला कामाचे तास नसतात, हे रुजू झाल्या दिवसापासून तुम्हाला ऐकवलं गेलंय.

तेव्हा कायद्याची वाट न बघता शाखेत जेवढं बसवता येईल तेवढं बसवा. त्या कॉलवर शाखेतून कुणीतरी एक हवं असतं, दोघं लागत नाहीत. तुमच्या मॅनेजरशी स्पष्ट बोला: एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. तेही त्याच रगाड्यात भरडले जाताहेत, त्यांनाही एक दिवसाआड सुटका हवीच असेल. हे बोलणं जेवणाच्या सुट्टीत करा, कॅश टॅली व्हायची असताना नको. दुसरं म्हणजे दिवसाचे आकडे निघताना सव्वासहालाच ग्रुपवर टाकून द्या. जो आकडा आधीच लेखी आलाय, त्याच्यावर कॉलमध्ये फार वेळ जात नाही. रागवायचं असेल तर ते रागावतीलच, पण “पाठवलं का नाही” हे तरी वाचेल.

माणसं कमी आहेत, हे मेलवर लिहा. तोंडी शंभर वेळा सांगितलं असेल, त्याला किंमत नाही. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रोजची व्हाउचरं किती, पीककर्जाची खाती किती, एवढंच. भावनेचा एक शब्द त्यात नको. मॅनेजरच्या सहीने जावं, प्रत असोसिएशनला. उद्या माणूस मिळेल असं मी म्हणत नाही. पण परवा काही चुकलं, तर तो मेल तुमच्या बाजूने उभा राहील.

आणि चुकण्याचंच निघालंय, तर तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते. दमलेल्या दुपारी तुम्ही तुमचा आयडी किंवा पासवर्ड शेजारच्या क्लार्कला देता का? “तूच ऑथोराइज करून टाक रे, मी जरा फोनवर आहे.” बँकेतल्या लोकांशी बोलताना हे इतक्यांदा ऐकलंय की विचारल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्यावर पुढे चार्जशीट निघते, त्यांतले सगळेच काही चोर नसतात. त्यांतले कितीतरी थकलेले असतात. काम उद्यावर गेलं तर ओरडा बसतो, आयडी दुसऱ्याच्या हाती गेला तर नोकरी जाते. त्या कष्टाच्या पेन्शनसकट. व्हाउचर राहू दे तसंच.

रजा घ्या. हे मी पाय घसरून पडल्यावर घ्यायच्या रजेबद्दल बोलत नाही. तुमच्याच क्षेत्रातली एक गंमत बघा: रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता. जुलै २०२१ मध्ये त्यांनी हे नव्याने कळवलं. त्या दिवसांत अंतर्गत ईमेल सोडली तर कामाच्या कुठल्याही यंत्रणेला हात लावू द्यायचा नाही. हेतू अर्थातच तुमच्या तब्येतीचा नाही, घोटाळे उघडकीला येण्याचा आहे. पण नियमाचा अर्थ एवढाच निघतो की दहा दिवस तुम्ही नसलात तर बँक चालते, किंबहुना ती चालायलाच हवी असं रिझर्व्ह बँकेला वाटतं. तुमची जागा तुमच्या बँकेच्या त्या यादीत आहे का, ते विचारा. असेल आणि रजा दिली गेली नसेल, तर हा मुद्दा मॅनेजरपुढे मांडायला उत्तम आहे. नसेल तर साठलेल्या पीएलमधून, म्हणजे हक्काच्या पगारी रजेतून दहा दिवस मागा. शिवाय बऱ्याच सरकारी बँकांत महिलांसाठी बिनपगारी लांब रजेची, ज्याला तुमच्याकडे सबॅटिकल म्हणतात, सोय असते. पूर्ण नोकरीत मिळून ती साधारण दोन वर्षांपर्यंत मिळते. तुमच्या बँकेचं परिपत्रक काढून त्यातल्या अटी वाचा. वर्षभर घ्या असं मी म्हणत नाही, बिनपगारी रजेचं ओझं घरावर पडतं आणि पेन्शनच्या वर्षांत ती कशी धरतात तेही आधी बघायला हवं. पण दहावीच्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी ते दार आहे, हे माहीत असलेलं बरं.

आता घर. इथे मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण तुम्ही इथेच सगळ्यात कमी लिहिलंत.

“ते मदत करतात, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.” हे वाक्य मला इतक्या पत्रांत भेटतं की आता ते आलं की मी पेन्सिलने खूण करते. भाजी आणतात, गॅस सिलिंडर लावतात, कधी कुकर लावतात, असंच ना? आणि सासूबाईंची गोळी संपत आली हे कुणाच्या लक्षात येतं? डॉक्टरची पुढची तारीख कुणाला आठवते? मुलीच्या शाळेचा फॉर्म कोण भरतं? केंद्र सरकारचं २०२४ चं वेळ-वापर सर्वेक्षण सांगतं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. यात फक्त हातांनी केलेलं काम मोजलंय. एसटीच्या खिडकीत बसून उद्याचं दूध, परवाची ट्यूशन फी आणि सासूबाईंचे डायपर आठवत तुम्ही जो सव्वा तास काढता, तो कुठल्याच सर्वेक्षणात मोजता येत नाही.

मिस्टर वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. “सोड नोकरी” हे ते मायेनेच म्हणत असतील. पण त्यातलं न बोललेलंही ऐका. नोकरी सोडलीत की सासूबाई, स्वयंपाक, मुलगी, आला-गेला हे सगळं कायमचं तुमचं होईल आणि त्यावर पुन्हा कधी बोलणंसुद्धा होणार नाही. तुमचा भार कमी व्हावा म्हणून त्यांना सुचलेला उपाय असा आहे की त्यांच्या दिवसात काहीच बदलत नाही. हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. तुम्ही दाखवल्याशिवाय येणार नाही.

म्हणून मदत मागणं बंद करा आणि एक अख्खं खातं त्यांच्याकडे वर्ग करा. कुठलं, तर आईंचं. त्या त्यांच्या आई आहेत. शुगरची तपासणी, गोळ्या, डॉक्टर, दिवसा लागणारी बाई, तिचा पगार, तिच्या दांड्या, सगळं. त्यांची फिरती शिफ्ट आहे, म्हणजे सेकंड आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यांत दवाखान्याच्या वेळेत ते मोकळे असतात, तुम्ही कधीच नसता. हे खातं दिल्यावर एक पथ्य पाळा, आणि ते अवघड आहे: गोळी द्यायला ते विसरले तरी तुम्ही मागून आठवण करायची नाही, फार तर पहिले पंधरा दिवस. आठवण करायचं काम तुमच्याकडे राहिलं तर वर्ग झालं ते फक्त कागदावर.

त्यांना सुरुवात करून द्यायला तीन गोष्टी सांगा. आई पहाटे पडल्या, तर त्या वेळी शुगर खूप खाली गेली होती का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारायचं. शुगरच्या काही औषधांनी किंवा इन्सुलिनने ती रात्री उतरते, चक्कर येते आणि घरचे समजतात की फरशी ओली होती. दुसरं, बाथरूममध्ये संडासाशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत स्टीलचे दांडे बसवायचे, खाली घसरू न देणारी मॅट आणि रात्रभर छोटा दिवा. एका दुपारचं काम आहे. तिसरं, दिवसाच्या बाईसाठी ब्युरोला फोन करण्याआधी गल्लीत विचारायचं. ओळखीतली मावशी टिकते.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकही वाकडा शब्द लिहिलेला नाही, हे मला आवडलं. त्यांनाही विचारा की दिवसभर काय बघतात, कुणाशी बोलतात. पडलेल्या माणसाला पुन्हा पडायची भीती असते, त्या भीतीने माणूस हलत नाही आणि न हलल्याने पाय आणखी कमजोर होतात. सूनबाईला सतत हाक मारण्यामागे बऱ्याचदा तेच असतं.

लेकीशी काय बोलायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. फक्त “तुझ्यासाठीच तर करते” हे वाक्य नको. ते खरं असलं तरी तिच्या डोक्यावर कर्ज चढवतं. ती बरोबर म्हणाली, एवढं तिला सांगा. आठ ते साडेनऊ फोन कपाटात ठेवायचा, आवाज बंद करून. आणि ज्या दिवशी कॉल तुमचा असेल, त्या दिवशी तो दार लावून बेडरूममध्ये घ्यायचा. तुम्हाला कुणी रागावतंय हे तिने रोज ऐकायची गरज नाही. एसटीतून उतरल्यावर घरी येईपर्यंत दहा मिनिटं चालत असाल, तर ती एकटीने चाला, फोनवर कुणाशी न बोलता. काही जणींना तेवढ्याने दिवसाचा आवाज खाली बसायला मदत होते. तुम्हाला होईल का, बघा.

त्या शेतकऱ्याचं तुमच्या मनात राहिलंय हे पत्रातून कळतं. ते पुन्हा येतील, पीककर्जाच्या नूतनीकरणाला यावंच लागतं. आले की खुर्ची द्या, त्यांचं काम आधी करा आणि “त्या दिवशी माझं चुकलं, बाबा” एवढं म्हणा. ज्यांच्यासमोर ओरडलात, त्यांच्यासमोरच. लोक विसरले असतील, तो माणूस विसरला नसेल.

राहिली स्केल थ्री. तुमच्या पत्रात एकाच जागी भाषा सैल झाली आहे, ती बचत गटाच्या बायका आल्या तिथे. जिला नोकरीचा खरोखर वीट आलाय ती हे लिहीत नाही. तुम्हाला कर्ज द्यायचं, माणूस ओळखायचं काम आवडतं, रात्रीचा कॉल नकोसा झालाय. तेव्हा बढती कायमची नको असं ठरवू नका. पण या वर्षी अर्ज भरू नका. मुलगी दहावीत, सासूबाई नुकत्या पडलेल्या, तुमचा बीपी १५०, आणि बढतीबरोबर बदली येणार हे तुम्हालाही माहीत आहे. अर्जच न करणं आणि निवड झाल्यावर नाकारणं यांत फरक असतो. निवडीनंतर नाकारलं तर अनेक बँकांत पुढची काही वर्षं दार बंद होतं. अर्ज न करण्यात तसं काही नसतं, तरी तुमच्या बँकेचं प्रमोशन परिपत्रक वाचून घ्या.

मात्र बढती टाळली म्हणजे बदली टळली, असं समजू नका. शाखेत तीन-एक वर्षं झाली की अधिकाऱ्याला हलवतातच. महिलांना शक्य तितकं कुटुंबाजवळ ठेवावं, असं केंद्रीय अर्थखात्याने सरकारी बँकांना २०१४ पासून सांगितलेलं आहे. त्याचा आधार घेऊन आत्ताच एक साधा अर्ज देऊन ठेवा: मुलीची दहावी, सासूबाईंचं वय आणि आजार, डॉक्टरांचा कागद सोबत, साताऱ्यातली किंवा जवळची शाखा मिळावी. ऑर्डर निघाल्यावर रद्द करायला धावपळ करणाऱ्यांपेक्षा आधी अर्ज देऊन ठेवलेल्यांचं जास्त वेळा ऐकलं जातं. साताऱ्यात शाखा मिळाली तर एसटीचे अडीच तास वाचतील, आणि त्यापेक्षा मोठी पगारवाढ तुम्हाला स्केल थ्री देणार नाही.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात दोनच: बीपी मोजायला सुरुवात आणि मिस्टरांशी बोलणं, तेही त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, नाइटवरून आल्या आल्या नाही. मेल आणि बदलीचा अर्ज पुढच्या आठवड्यात. पण रजेचा अर्ज उद्याच टाका. खरीपाची पीककर्जं सुरू झाली की तुमचे साहेब दहा दिवस काय, दोन दिवसही सोडणार नाहीत.